पोटातलं पाणी एकदा काढलं की ते सारखंच काढावं लागतं का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वडील 58 वर्षांचे, भांडुपला राहतात, लिव्हर सिरॉसिसचं निदान होऊन आठ महिने झाले. गेल्या दोन आठवड्यांत पोट इतकं फुगलंय की आडवं होता येत नाही आणि चार घास खाल्ले की पुरे होतं. डॉक्टरांनी टॅपिंग करायचं, म्हणजे सुईने पोटातलं पाणी काढायचं ठरवलंय आणि अल्ब्युमिनच्या (हे रक्तातलं एक प्रथिन) तीन बाटल्या आणायला सांगितल्यात. मामा म्हणतात, एकदा सुई लावली की पाण्याला वाट मिळते, मग ते सारखं काढावं लागतं आणि माणूस हाती लागत नाही. त्यात प्लेटलेट 62,000 आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) 1.8 असल्यामुळे तुम्ही धास्तावला आहात. काढू द्यावं का, एवढंच तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर, काढू द्या. पण त्याआधी थोडं सविस्तर बोलते, कारण खरी अडचण सुईची नाहीच. पाणी का भरतंय आणि सुई काढल्यानंतर घरी काय होणार आहे, ती खरी अडचण आहे. मी गेली 22 वर्षं मुंबईत लिव्हरचे पेशंट बघते, त्यातली सुरुवातीची बरीच वर्षं जनरल वॉर्डात गेली. मामांचं हे वाक्य मी दर महिन्याला कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकते. ते प्रेमापोटीच बोललेलं असतं, त्यामुळे ते झटकून टाकणार नाही.

लिव्हर कडक झालं की आतड्यांकडून येणारं रक्त त्यातून नीट पुढे जात नाही. ते रक्त लिव्हरकडे आणणाऱ्या पोर्टल शिरेत दाब वाढतो, पोटातल्या रक्तवाहिन्या सैलावतात, आणि किडनीला वाटतं की शरीरात रक्तच कमी आहे. मग ती मीठ आणि पाणी धरून ठेवते. रक्तातलं अल्ब्युमिनही कमी झालेलं असतं, त्यामुळे ते पाणी वाहिन्यांत टिकत नाही, पोटाच्या पोकळीत झिरपतं. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी तुंबलं की पंप लावतात. पुढच्या पावसात तिथे पुन्हा पाणी साचलं तर ते पंपामुळे साचलं असं कुणी म्हणत नाही. टॅपिंग म्हणजे तो पंप. भरतीची वेळ आणि पावसाचा जोर त्याच्या हातात नसतो.

मग पाणी काढलेली माणसं लवकर जातात असं लोकांना का दिसतं? कारण ज्यांचं लिव्हर जास्त बिघडलंय, ज्यांचं पाणी गोळ्यांना दाद देत नाही, त्यांनाच पुन्हा पुन्हा टॅपिंग लागतं. त्यांचा धोका लिव्हरचा असतो, पण घरच्यांच्या डोळ्यांसमोर राहते ती सुई.

आता मामांच्या बोलण्यातला खरा कण. खूप पाणी एकदम काढलं आणि अल्ब्युमिन दिलं नाही, तर ते पाणी खरोखरच लवकर भरतं. पोटातला दाब अचानक उतरतो, रक्तवाहिन्या आणखी सैलावतात, किडनीला रक्त कमी पडतं आणि ती आणखी जोरात मीठ धरते. हे त्याच दिवशी दिसत नाही, दोन-चार दिवसांनी दिसतं. मी शिकाऊ डॉक्टर असताना वॉर्डात एका गृहस्थांचं सात लिटर पाणी काढलं. बाटल्या आणायला घरच्यांकडे पैसे नव्हते. पेशंट धापा टाकत होता, म्हणून मी थांबले नाही. त्या रात्री ते अनेक दिवसांनी आडवे होऊन झोपले आणि मला समाधान वाटलं. तिसऱ्या दिवशी लघवी निम्म्यावर आली, क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की रक्तात वाढणारा आकडा, दुपटीला गेलं. ते त्यातून बाहेर आले, पण पुढचे बारा दिवस त्यांच्या बायकोने वॉर्डाच्या व्हरांड्यात काढले. तीन-चार लिटर काढून थांबले असते तर श्वास मोकळा झाला असता आणि किडनीही शाबूत राहिली असती. तेव्हापासून आधी बाटल्या टेबलावर, मगच मोठं टॅपिंग, हा माझा नियम आहे.

सगळं एकाच दिवशी काढू नये ही सूचना फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत जलोदरासाठी नाभीच्या खाली डाव्या बाजूला छेद देऊन नळीने पाणी काढायचं वर्णन आहे, आणि सगळं पाणी एका दिवसात काढू नका, नंतर पोट कापडाने आवळून बांधा, असंही सांगितलंय. त्यांच्याकडे अल्ब्युमिन नव्हतं, तेव्हा ती सूचना अगदी रास्त होती. 1980च्या दशकात बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की अल्ब्युमिन सोबत दिलं तर मोठ्या प्रमाणात पाणी एका बैठकीत काढता येतं. आज पाच लिटरपेक्षा जास्त पाणी काढायचं असेल तर काढलेल्या प्रत्येक लिटरमागे 6 ते 8 ग्रॅम अल्ब्युमिन द्यायचं असा हिशेब आहे. 20 टक्क्यांच्या 100 मिलीच्या बाटलीत 20 ग्रॅम असतं. तुम्हाला तीन बाटल्या सांगितल्यात, म्हणजे डॉक्टरांनी सात-आठ लिटरचा अंदाज धरलाय. ते ताकदीचं सलाईन नाही, किडनीचं संरक्षण आहे. पाच लिटरच्या आत काढायचं असेल तर डॉक्टरांमध्ये थोडे मतभेद आहेत. क्रिएटिनिन वाढलेलं असेल, सोडियम किंवा बीपी कमी असेल, तर मी कमी पाण्यालाही देते.

बाटलीला काही हजार रुपये पडतात हे मला माहीत आहे. नसतील पैसे तर तसं डॉक्टरांना आधी सांगा, लाजू नका, म्हणजे ते कमी काढायचं ठरवतील. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा विभागाकडे चौकशी करा, तिथे गरजू पेशंटसाठी निधी असतो. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा.

आता तुमच्या भीतीचा दुसरा भाग, रक्तस्राव. प्लेटलेट 62,000 आणि आयएनआर 1.8 या आकड्यांवर मी टॅपिंग थांबवत नाही. सिरॉसिसमध्ये रक्त गोठवणारे घटक कमी होतात तसे गोठू न देणारेही कमी होतात, आणि आयएनआर त्यातली एकच बाजू दाखवतो. पोटाच्या भिंतीत रक्त साकळणं साधारण शंभरात एखाद्याला होतं, आणि बहुतेक वेळा ते आपोआप जिरतं. आत मोठा रक्तस्राव किंवा आतड्याला छिद्र हे हजारात एकापेक्षाही कमी वेळा घडतं. म्हणून टॅपिंगआधी सरसकट प्लाझ्मा किंवा प्लेटलेट चढवायची गरज नसते. अपवाद आहेत. अंगावर जागोजागी काळे-निळे डाग उमटत असतील, इंजेक्शनच्या जागा झिरपत असतील, किडनी बिघडलेली असेल, तर डॉक्टर वेगळा विचार करतात. वडील ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेत असतील तर ते मात्र आवर्जून सांगा. बेंबीला हर्निया असेल तर तोही दाखवा, कारण पाणी भराभर उतरताना त्यात आतडं अडकू शकतं.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते, म्हणजे वडिलांनाही सांगता येईल. आधी लघवी करून यायला सांगतात, मूत्राशय रिकामं हवं. पलंगावर डोक्याकडची बाजू थोडी उंच. बहुतेक वेळा डाव्या बाजूला, खुब्याच्या पुढच्या हाडापासून दोन बोटं वर आणि दोन बोटं आत अशी जागा निवडतात. तिथे पोटाची भिंत पातळ असते आणि पाण्याचा साठा खोल असतो. मी सोनोग्राफीने बघून पेनाने खूण करते. जुना टाका किंवा फुगलेली शीर असेल ती जागा सोडायची. मग आयोडीनने साफसफाई आणि बधिर करायचं इंजेक्शन. ते आठ-दहा सेकंद झोंबतं, आणि बहुतेकांना त्या दिवशी तेवढंच दुखतं. त्यानंतर मी कातडी दोन सेंटिमीटर खाली ओढून धरते आणि सलाईन लावतात तसलीच, पण जाड सुई आत घालते. आतला पडदा पार होताना बोटांना हलकी उसळी जाणवते आणि सुईच्या टोकाशी पिवळं पाणी दिसतं. सुई बाहेर, मऊ नळी आत. कातडी सोडली की वरचं आणि आतलं छिद्र एका रेषेत राहत नाही, त्यामुळे नंतर गळण्याची शक्यता कमी होते. नळीला सलाईनचा सेट जोडून पाणी युरोबॅगेत सोडतात.

त्या पाण्याकडे मी दर वेळी निरखून बघते. सिरॉसिसचं पाणी वाळल्या गवताच्या रंगाचं आणि स्वच्छ असतं. बाटली उजेडात धरली तर पलीकडची अक्षरं वाचता येतात. अक्षरं धूसर दिसली की माझ्या मनात इन्फेक्शनची पाल चुकचुकते. दुधासारखं किंवा लालसर असेल तर तपासण्यांची दिशा बदलते. बेस्टमधून निवृत्त झालेले लालबागचे एक काका होते. दोन बॅगा भरल्या, तिसरी लावली, आणि ते एकदम म्हणाले, “मॅडम, आज श्वास खाली उतरला.” पाचव्या लिटरला त्यांना तिथेच झोप लागली. सगळ्याला दोन ते चार तास लागतात. सिरॉसिसमध्ये ती नळी रात्रभर आत ठेवायची नसते, त्याने इन्फेक्शनचा धोका वाढतो.

पण मोठं टॅपिंग करा किंवा करू नका, थोडं पाणी तपासणीसाठी काढू द्याच. पन्नासेक मिली पुरतं. या बाबतीत मी कुणाच्याही मामांचं ऐकणार नाही. पोटात पहिल्यांदा पाणी झालं की, आणि पोटात पाणी असलेला सिरॉसिसचा पेशंट कोणत्याही कारणाने दाखल झाला की, ते तपासलंच पाहिजे. त्यात पेशींची मोजणी करतात. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी घन मिलिमीटरला 250 किंवा त्यापेक्षा जास्त असतील तर पोटातल्या पाण्यालाच इन्फेक्शन झालंय असं धरतात आणि कल्चरच्या रिपोर्टची वाट न बघता शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतात. हे इन्फेक्शन फसवं असतं. ताप नसतो, पोटही फार दुखत नाही, माणूस नुसता सुस्त होतो किंवा असंबद्ध बोलतो. घरच्यांना वाटतं, अशक्तपणा आहे. दोन दिवस असेच जातात आणि किडनी बसते.

दुसरी तपासणी अल्ब्युमिनची. रक्तातलं आणि पाण्यातलं अल्ब्युमिन एकाच दिवशी मोजायचं आणि वजाबाकी करायची. फरक डेसिलिटरला 1.1 ग्रॅम किंवा त्यापेक्षा जास्त आला तर पाणी पोर्टल शिरेच्या दाबामुळे झालंय. कमी आला तर टीबी, कॅन्सर अशी वेगळी कारणं शोधायची. आपल्या शहरात टीबी विसरून चालत नाही. गोवंडीची 24 वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली होती. चार महिने तिला कुणी लिव्हरच्या गोळ्या देत होतं, कुणी गॅसच्या. पाणी काढायला आई तयार नव्हती, तीच भीती. शेवटी साठ मिली काढलं. अल्ब्युमिनचा फरक कमी, लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी भरपूर, टीबीत वाढणारं एडीए हे एन्झाइम चढलेलं. इतर तपासण्यांतही टीबीच निघाला. सहा महिन्यांच्या औषधांनी तिचं पोट सपाट झालं आणि पुन्हा कधीच पाणी काढावं लागलं नाही. कॅन्सरमुळे होणाऱ्या पाण्याचं गणित आणखी वेगळं. तिथे अल्ब्युमिनची गरज सहसा पडत नाही, आणि पाणी वारंवार होत असेल तर पिगटेल नळी ठेवून घरीच थोडं थोडं काढायची सोय करता येते. तुमच्या वडिलांचा प्रश्न तो दिसत नाही.

तर मग पुन्हा भरेल का? हे बऱ्याच अंशी मिठावर अवलंबून आहे, आणि इथे आकडे बघा. पोटातल्या एक लिटर पाण्यात साधारण साडेसात ग्रॅम मीठ असतं. आपल्या नेहमीच्या जेवणातून दिवसाला 8-10 ग्रॅम मीठ सहज पोटात जातं. किडनी मीठ सोडतच नसेल तर रोज लिटरभराच्या आसपास पाणी भरणार. आठ लिटर काढलेत, ते आठवड्यात परत. तेच मीठ दिवसाला 5 ग्रॅमवर आणलं, म्हणजे सपाट एक चमचा, तर भरण्याचा वेग जवळजवळ निम्मा होतो. त्यावर लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी किडनीला मीठ सोडायला लावलं तर कित्येकांचं पाणी भरतच नाही.

“आम्ही मीठ बंदच केलंय,” असं प्रत्येक घर सांगतं, आणि ते खोटं बोलत नसतं. भाजीत मीठ नसतं. पण मी काय काय खाल्लं ते सकाळपासून विचारत जाते, तेव्हा खारी निघते, पापड निघतो, लोणच्याची फोड निघते, स्टेशनबाहेरचा वडापाव निघतो. एका आजींनी माझ्यासमोर डबा उघडला. अळणी भात, अळणी वरण, आणि कोपऱ्यात सुकटीची चटणी. “अळणी घशाखाली उतरत नाही म्हणून चिमूटभर,” म्हणाल्या. सुकट, सुके बोंबील, खारा बांगडा, हे जवळजवळ मीठच. सैंधव आणि काळं मीठही मीठच आहे. दुकानात मिळणारं कमी सोडियमचं मीठ तर अजिबात नको, त्यात पोटॅशियम असतं. वडिलांना स्पायरोनोलॅक्टोन ही लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम आधीच चढणीला असतं. शहाळ्यातही पोटॅशियम भरपूर असतं, तेव्हा भेटायला येणाऱ्यांना शहाळी आणू नका म्हणून सांगा. चवीसाठी लिंबू, कोकम, आलं-लसूण, जिरं, हिरवी मिरची बिनधास्त वापरा.

मीठ तोडताना जेवण मात्र तोडू नका. लिव्हरचा आजार म्हणून वरण, अंडी, दही बंद करून साबुदाण्याच्या पेजेवर ठेवलेली माणसं मी बघते. दंडावरचं मांस झडलेलं असतं आणि पोट तेवढं पुढे. काढलेल्या पाण्याबरोबर प्रथिनंही जातात, म्हणून उलट जास्त द्यायला हवीत, वजनाच्या दर किलोला दिवसाला 1.2 ते 1.5 ग्रॅम. वजन पोटातल्या पाण्यासकट धरायचं नाही. झोपण्याआधीही काहीतरी खायला द्या, रात्रभर पोट रिकामं राहू नये. पाणी पिण्यावर बंधन सरसकट नसतं. रक्तातलं सोडियम 125च्या खाली गेलं तरच मी ते घालते.

दारू हे पाण्याचं कारण असेल तर ती पूर्ण सुटली पाहिजे. सुटल्यावर काही महिन्यांत ज्यांचं टॅपिंग कायमचं थांबलं असे पेशंट माझ्याकडे आहेत. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांना हात लावू नका, या गोळ्या अशा किडनीला लगेच बाधतात. आणि मीठ सांभाळून, गोळ्या पूर्ण मात्रेत देऊनही दर पंधरा दिवसांनी पोट भरत असेल, तर टॅपिंगच्या तारखा लावत बसण्याऐवजी टिप्स (लिव्हरमधून नळी घालून पोर्टल शिरेचा दाब उतरवायचा उपचार) किंवा लिव्हर ट्रान्सप्लांटचा सल्ला त्याच महिन्यात घ्या. आपल्याकडे बहुतेक ट्रान्सप्लांट घरातल्या जिवंत दात्याच्या लिव्हरचा भाग घेऊनच होतात, त्यामुळे घरात बोलणं, रक्तगट बघणं यात वेळ जातो. पेशंट पार खंगल्यावर माझ्याकडे पाठवतात तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण ते सहा महिने आधी आले असते तर काहीतरी करता आलं असतं.

टॅपिंगच्या दिवशी सकाळी वडिलांचं वजन करून लिहून ठेवा, संध्याकाळी पुन्हा करा. लिटरला किलो या हिशेबाने ते उतरलं पाहिजे. त्यानंतर रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर. चार दिवसांत तीन किलो वाढलं तर पोट फुगायची वाट न बघता फोन करा. घरी आल्यावर काही तास उजव्या कुशीवर झोपू द्या, म्हणजे डावीकडचं छिद्र वर राहील. पट्टी थोडी ओली होणं चालतं. दुसऱ्या दिवशीही कपडे भिजत असतील तर परत दाखवा, एखादा टाका घालावा लागतो. ताप, पोटदुखी, असंबद्ध बोलणं, काळी शी, रक्ताची उलटी किंवा लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी निघा. आणि टॅपिंगनंतर हॉस्पिटलमधून घरी निघण्याआधी पाण्यातल्या पेशींचा रिपोर्ट हातात घ्या, तो त्याच दिवशी मिळतो. न्यूट्रोफिल 250 किंवा त्याहून जास्त असतील तर पोट कितीही हलकं वाटत असलं तरी वडिलांना त्या दिवशी घरी नेऊ नका.